रतनवाडीला पहिल्यांदा जाताय? आधी ऋतू ठरवा, मग ठिकाणं

भंडारदरा धरणाचं पाणी जिथे संपतं, तिथे रतनगडाच्या पायथ्याशी रतनवाडी आहे. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. गाव लहान आहे. भाताची खाचरं, कौलारू घरं, एक अतिशय देखणं जुनं शिवमंदिर आणि तिन्ही बाजूंनी डोंगर. बरेच लोक भंडारदऱ्याहून गाडीने येतात, मंदिरासमोर अर्धा तास थांबतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण हा परिसर मुक्काम केल्याशिवाय कळत नाही. निदान दोन रात्री राहायच्या तयारीने येणाऱ्या नवख्या माणसासाठी हा लेख आहे.

पहिलं काम: महिना निवडा

नवखे लोक आधी ठिकाणांची यादी करतात आणि मग सुट्टी कधी मिळते ते बघतात. इथे उलटं करावं लागतं. जानेवारीत ज्या घळीतून आरामात चालता येतं, तिथे जुलैत पाऊल टाकणं जिवावर बेतू शकतं. मेमध्ये रखरखीत वाटणारी झाडं जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्रभर चमकत असतात. त्यामुळे ‘काय काय बघू’ याचं उत्तर ‘कधी जाणार’ यावर ठरतं.

जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ. कड्यांवरून धबधबे कोसळतात, खाचरांत भाताची आवणी चालू असते, धुकं उतरलं की चार हातांवरचं दिसत नाही. मंदिर, धरण, धबधबे आणि रस्त्याकडेची भटकंती यासाठी हे दिवस उत्तम. रतनगडाची वाट मात्र प्रवरेचं पात्र ओलांडत जाते, आणि वर पाऊस झाला की हे पात्र बघता बघता चढतं. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेला माणूस दुपारी पलीकडेच अडकतो. नवख्यांनी भर पावसात गड करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर हा पहिल्या भेटीसाठी मला सगळ्यात आवडणारा काळ. पाऊस ओसरलेला, ओढे अजून वाहते, आकाश धुतलेलं. सोनकीच्या पिवळ्या फुलांनी उतार भरलेले असतात, मधूनच तेरड्याचा गुलाबी पट्टा येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालणाऱ्यांचा हंगाम. दिवसा ऊन सुसह्य असतं, रात्री कडाक्याची थंडी आणि ताऱ्यांनी गच्च भरलेलं आभाळ. मार्च ते मेचा मध्य या काळात साम्रद गावाजवळची अरुंद सांदण दरी कोरडी आणि सोपी असते, पण गडावर ऊन भाजून काढतं आणि पाण्याची पंचाईत होते. मेची अखेर ते जूनचा मध्य, म्हणजे काजव्यांचे दिवस. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

पोहोचायचं कसं, राहायचं कुठे

मुंबईकडून रेल्वेने इगतपुरी, तिथून घोटी, आणि घोटीहून बारी मार्गे शेंडी. शेंडी हेच भंडारदऱ्याचं गाव. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असं करत शेंडीला येता येतं. शेंडीपासून मुतखेल मार्गे रतनवाडी सुमारे २० किलोमीटर, रस्ता जलाशयाच्या काठाकाठाने जातो. एसटी आहे, पण गाड्या मोजक्या. शेंडी किंवा राजूरला उतरून पुढच्या गाडीची वेळ डेपोत किंवा स्टँडवर विचारून घ्या, इंटरनेटवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका. शेवटची गाडी चुकली तर जीप मिळू शकते, पण अंधार पडल्यावर खात्री नाही.

राजूर किंवा घोटीला तीन गोष्टी उरकाव्यात: पेट्रोल, रोख पैसे आणि औषधं. गावात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे ऑनलाइन पैसे भरायचा भरवसा धरू नये. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तरी घाबरू नका.

राहण्यासाठी गावातल्या घरांचा पर्याय मी सगळ्यात वर ठेवतो. अनेक कुटुंबं पाहुण्यांची सोय करतात: अंगणात तंबू नाहीतर पडवीत अंथरूण, आणि जेवायला तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. किती माणसं येणार, किती वाजता येणार आणि जेवणार का, हे आदल्या दिवशीच कळवा. चुलीवर दहा जणांचा स्वयंपाक ऐन वेळी उभा राहत नाही. दर आधी बोलून घ्या आणि ठरले तेवढे द्या, निघताना घासाघीस करू नका. इथली बरीचशी वस्ती महादेव कोळी समाजाची आहे. घरातल्या मोठ्यांना मामा, मावशी म्हणून हाक मारली की बोलणं सहज सुरू होतं. वाटांची, पाण्याची, पावसाची खरी माहिती त्या बोलण्यातूनच मिळते.

सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य ३६१ चौरस किलोमीटरहून मोठं आहे. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती घ्यायची आणि ती शेवटपर्यंत जपून ठेवायची. त्याच वेळी तीन प्रश्न विचारून टाका: सांदण दरी चालू आहे का, गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, आणि रात्री फिरण्यावर काही बंधन आहे का. हे नियम हंगामानुसार बदलतात.

पहिली संध्याकाळ: अमृतेश्वर

पोहोचल्या दिवशी डोंगर चढू नका. सामान टाका, चहा घ्या आणि ऊन कलल्यावर अमृतेश्वराच्या मंदिरात जा. सायंकाळच्या तिरप्या उन्हात दगडावरचं कोरीवकाम जसं उठून येतं, तसं भर दुपारी दिसत नाही.

शिलाहार राजा झंज याने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरं बांधली अशी परंपरा सांगितली जाते, आणि प्रवरेच्या उगमाजवळचं अमृतेश्वर त्यातलंच एक मानतात. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात. हीच नदी पुढे रंधा धबधब्यावरून, संगमनेरवरून वाहत जाऊन गोदावरीला मिळते. मंदिर भूमिज शैलीचं आहे, सिन्नरच्या गोंदेश्वराच्या आणि अंबरनाथच्या शिवमंदिराच्या घराण्यातलं. शैली ओळखायची खूण सोपी आहे. शिखराकडे बघा. तळापासून वरपर्यंत नक्षीची उभी पट्टी जाते, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. एका कोपऱ्यात उभं राहून त्यातली एकच ओळ खालून वर नजरेने चढत न्या. एवढ्या उंचीवर, जिथे कुणाचं लक्षही जाणार नाही, तिथेही कारागिराने हात आखडता घेतलेला नाही हे दिसतं.

आत खांबांवर आणि छतावर बारीक काम आहे, त्यासाठी डोळे अंधाराला सरावेपर्यंत शांत थांबा. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंडी पाण्याखाली जाते, ते दर्शनही पाहण्यासारखं. मंदिराजवळच पुष्करणी आहे. चौकोनी, पायऱ्या उतरत जाणारी, भिंतींतल्या देवकोष्ठांत विष्णूच्या मूर्ती. पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. पाण्यात उतरणं, पाय धुणं, निर्माल्य टाकणं यातलं काहीही करू नका. मूर्तींवर हात ठेवून फोटो काढणंही टाळा, हाताच्या घामाने दगड झिजतो.

दुसरा दिवस: रतनगड

हा दिवस पूर्ण गडासाठी ठेवा. रतनगडाची उंची सुमारे १,२९७ मीटर. सवयीच्या माणसाला गावातून नेढ्यापर्यंत, म्हणजे माथ्यावरच्या कातळातल्या आरपार भोकापर्यंत, तीन तास पुरतात, नवख्याने चार धरावेत. गड बघून परत यायला सगळे मिळून आठ तास लागतील असा हिशेब करा आणि उजाडताच निघा. माणशी किमान तीन लिटर पाणी, सुका खाऊ, टोपी, चांगली पकड असलेले बूट आणि बॅटरी. बॅटरी दिवसाच्या चालीतही हवीच, उशीर झाला की जंगलात सहाच्या आधीच काळोख होतो.

पहिल्यांदा जात असाल तर गावातला वाटाड्या घ्या. वाट मळलेली आहे, तरी जंगलात गुरांच्या वाटा तिला अनेक ठिकाणी फुटतात आणि नवखा माणूस तिथेच चुकतो. शिवाय वाटाड्याला दिलेले पैसे गावातच राहतात. सुरुवातीला वाट प्रवरेच्या पात्रातून इकडून तिकडे होत जाते, मग दाट झाडीत शिरते. इथे शेकरू दिसायची शक्यता असते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली ही मोठी खार झाडाच्या शेंड्याशी फिरते, त्यामुळे पायाखाली बघत चालणाऱ्याला ती दिसत नाही. झाडावर फांद्या-पानांचा गोल गठ्ठा दिसला की थांबा आणि वर नजर ठेवा. पुढे एका ठिकाणी वाट फुटते: एक कात्राबाईच्या खिंडीकडे, हरिश्चंद्रगडाच्या दिशेने, आणि दुसरी रतनगडाच्या शिड्यांकडे. ही जागा नीट लक्षात ठेवा.

शिड्या हा या चढाईचा कस लागणारा भाग. लोखंडी शिड्या कड्याला लावलेल्या आहेत, वर गणेश दरवाजा. चढताना फार भीती वाटत नाही, कारण डोळ्यांसमोर दगड असतो. उतरताना पाय खालची पायरी शोधत चाचपडतो आणि मागची दरी जाणवते. म्हणून हे पाळा: एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. चढताना आणि उतरताना तोंड कड्याकडेच. दोन्ही हात मोकळे, मोबाइल खिशात नाही तर बॅगेत. बॅगेचे पट्टे घट्ट आवळलेले, बाहेर बाटली लटकत नको. आणि खालचा माणूस शिडीच्या बरोबर खाली उभा नको, दगड सुटला तर डोक्यावर येतो. शनिवार-रविवारी इथे रांग लागते, तेव्हा मागच्यांच्या घाईला बळी पडू नका. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ बाहेर दिसू देऊ नका.

गणेश दरवाजातून आत गेल्यावर एका अंगाला रत्नादेवीची गुहा आणि मुक्कामाजोगी मोठी गुहा आहे. दुसऱ्या अंगाने हनुमान दरवाजा ओलांडून माथ्याकडे वाट जाते. राणीचा हुडा म्हणून ओळखला जाणारा बुरूज, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, कोकण दरवाजा असं बघत नेढ्याकडे निघा. टाक्यांतलं पाणी गाळून, शक्य तर उकळून प्यावं, आणि टाक्यात पाय घालून बसू नये. तेच पाणी दुसऱ्या कुणाला तरी प्यायचं असतं.

नेढं म्हणजे गडाच्या सर्वोच्च भागातल्या कातळाला आरपार पडलेलं भोक. नेढ्याकडचा शेवटचा टप्पा उघड्या कातळाचा आहे, तिथे हातांचा आधार घ्यावा लागतो. पोहोचल्यावर वारा एवढा जोरात येतो की टोपी हातात धरावी लागते आणि शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. नेढ्यात बसा, कडेला उभं राहू नका. गडमाथ्यावरून अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले, कळसूबाई, आजोबाचा डोंगर, कात्राबाई आणि खाली भंडारदऱ्याच्या पाण्याचे फाटे दिसतात. गडाशेजारी एकटा उभा असलेला सुळका म्हणजे खुट्टा.

एक पक्की वेळ ठरवून घ्या, मी दुपारी एक सांगेन. एक वाजला की जिथे असाल तिथून परत. नेढं राहिलं तरी चालेल. त्र्यंबक दरवाजातून खोदीव पायऱ्यांनी साम्रदकडे उतरता येतं, पण ही वाट उभी आहे. वाटाड्या बरोबर असेल आणि साम्रदहून परतायच्या गाडीची सोय असेल तरच तिचा विचार करावा.

मधमाश्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण सह्याद्रीत ट्रेकरांवर होणाऱ्या हल्ल्यांमागे बहुतेक वेळा आग्या मोहोळच असतं. कड्याच्या पोटाला काळपट, लोंबतं पोळं दिसलं तर आवाज बंद करा. अत्तर, उग्र वासाचे स्प्रे लावून येऊ नका, सिगारेट किंवा जाळ नको, ड्रोन तर नकोच. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाका आणि लगेच तिथून दूर व्हा, दाट झुडपात शिरलात तर बरं.

तिसरा दिवस: साम्रद आणि सांदण दरी

रतनवाडीहून साम्रद जवळच आहे. गावापासून थोडं चाललं की जमिनीला अचानक भेग पडलेली दिसते, ती सांदण दरी. लांबी किलोमीटरहून जास्त आणि दोन्ही बाजूंचे कडे उंच, काही ठिकाणी इतके जवळ आलेले की आकाशाची फक्त पट्टी उरते. आत वाट अशी नाही, मोठमोठ्या धोंड्यांवरून पाय टाकत उतरायचं असतं. सुरुवातीच्या भागात पाण्याचे दोन डोह लागतात. हिवाळ्याच्या तोंडाला पाणी कमरेपर्यंत किंवा त्याहून वर असू शकतं आणि ऊन पोहोचत नसल्यामुळे ते बर्फासारखं गार असतं. कोरडे कपडे आणि मोबाइलसाठी पाणी न शिरणारी पिशवी बरोबर ठेवा. जसजसा उन्हाळा जवळ येतो तसं पाणी आटत जातं.

नवख्यांची हद्द सोपी आहे: जिथे पहिला सरळ तुटलेला टप्पा येतो आणि पुढे जायला दोर लागतो, तिथून मागे फिरायचं. पुढची उतराई कोकणच्या बाजूला जाते, तिला प्रशिक्षित चमू आणि साहित्य लागतं. पावसाळ्यात दरीत जायचंच नाही, आणि इतर महिन्यांतही आभाळ भरलं असेल तर नाही. लांबवर पडलेल्या पावसाचं पाणी याच भेगेतून निसटतं, आणि आत असलेल्या माणसाला बाजूला व्हायला जागाच नसते.

दुपार मोकळी असेल तर साम्रदहून तसंच पुढे घाटघरला जा. तिथल्या कोकणकड्यावरून खाली ठाणे जिल्ह्याचा भाग दिसतो, पावसाळ्यात ढग खालून वर चढत येतात. कठड्याच्या पलीकडे जाऊ नका, कड्याच्या काठाची माती भुसभुशीत असते. इथेच २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज बनवायची, अशी त्याची रचना. घाटघरहून उडदावणे, पांजरे, मुरशेत करत शेंडीला आलात की जलाशयाची प्रदक्षिणा पूर्ण होते.

काजव्यांसाठी येत असाल तर

पहिल्या वळिवानंतर हवेत ओल आली की काजवे दिसायला लागतात, आणि मोसमी पाऊस जोरात सुरू झाला की आठवड्याभरात संपतात. तारीख कुणी सांगू शकत नाही. गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून विचारणं हाच खात्रीचा मार्ग. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर ते गर्दी करतात, आणि चांगल्या रात्री आख्खं झाड एका लयीत उजळतं, विझतं.

हा सगळा प्रकाश जोडीदार शोधण्यासाठी असतो. नर उडत लुकलुकतात, माद्या खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देतात. गाडीचे दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या, फ्लॅश यामुळे हे बोलणं तुटतं, आणि रस्ता सोडून चालणाऱ्यांच्या पायाखाली माद्या चिरडल्या जातात. गेल्या काही वर्षांत या दिवसांत गाड्यांच्या रांगा लागतात. मनापासून विनंती आहे की शनिवार-रविवार सोडून या, गाडी मुक्कामी उभी करा आणि पायी जा. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लावा आणि उजेड जमिनीकडेच ठेवा. झाडापासून लांब एका जागी बसा आणि दहा-पंधरा मिनिटं काहीच पेटवू नका, मग डोळ्यांना खरं दृश्य दिसायला लागतं. काजवे बाटलीत भरून मुलांच्या हातात देणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवा. अंधारात साप-विंचवांचीही वर्दळ असते, त्यामुळे पायात बूट हवेतच.

परतताना

कचरा, अगदी केळ्याची सालंसुद्धा, आपल्याबरोबर परत न्या. गावात तो उचलणारी यंत्रणा नाही आणि सालांनी माकडांना माणसांची सवय लागते. खाचरांतून चालायचं झालं तर बांधावरून चाला. कुणाला दुखापत झाली तर १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर मदत मागता येते, पण रेंज नसलेल्या जागी आधी गावाकडे माणूस पाठवा. शिडीवर किंवा दरीत जखमी झालेल्याला उचलायची सवय गावकऱ्यांना असते.

शेंडीजवळ धरण बघून घ्या. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झालेलं हे दगडी धरण तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावाने ओळखलं गेलं. साठवण सुमारे ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट. पाणी सोडलेलं असेल तर छत्रीसारखा पसरणारा अंब्रेला धबधबा दिसतो, नाहीतर तिथे नुसता कातळ असतो. राजूरच्या दिशेने जाणाऱ्यांना रंधा धबधबा वाटेतच लागतो. त्याचा जोर पावसाळ्यात आणि धरणातून विसर्ग चालू असताना.

घोटीकडे निघणाऱ्यांना बारी गावात कळसूबाईची पाटी दिसेल, आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून मोह होईल. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, शिड्या आहेत, वाट स्पष्ट आहे. पण तीन दिवस चाललेल्या पायांनी दुपारी ते चढायला घेऊ नका. त्याच्यासाठी बारीतच एक मुक्काम वेगळा ठेवा आणि पहाटे निघा.